जमिनीवर न उतरणारी शेकरू

एका जंगलात एक संघ राहत असे. मुलांनो, जंगलात वाघ राहतो, ससा राहतो, संघ कसा राहील, असे तुम्ही म्हणाल. पण राहत होता खरा. डोंगराच्या उतारावर एक डोह होता, डोहावर झुकलेले जांभळाचे जुने झाड होते आणि त्याच्या सावलीत हा संघ भरत असे. आदल्या उन्हाळ्यात वणव्याने अर्धे रान खाल्ले. तेव्हा उरलेले प्राणी डोहापाशी जमले आणि म्हणाले, "यापुढे एकेकट्याने पळायचं नाही. जे करायचं ते मिळून." त्यांत गवा होता, रानडुकरे होती, कासव होते, कोल्हा होता, साळिंदरे होती आणि झाडाच्या शेंड्यावर शेकरू होती. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. ती झाडावर जन्मते, झाडावर नांदते आणि सहसा जमिनीला पाय लावत नाही.

संघाचा म्होरक्या होता गवा. अंगाने दांडगा, मनाने सरळ. त्याने एकच नियम केला होता, "जे एकाला, तेच सगळ्यांना." ऐकायला किती छान! ठराव शेपटांनी होत असे. सगळी शेपटे वर गेली, तरच ठराव पास. कासवाचे शेपूट वर आहे की खाली, हे पाहायला गव्याला दर वेळी गुडघे टेकून वाकावे लागे. त्यामुळे साध्या ठरावालाही अर्धी संध्याकाळ जाई. तरी कोणी कुरकुर करीत नसे. संघ आहे, वेळ लागायचाच.

त्या वर्षी ठरले, की डोहाभोवती एक उघडा पट्टा करायचा. वाळके गवत उपटायचे, पाचोळा ओढून टाकायचा, नुसती माती ठेवायची. मग वणवा आला तरी त्याला ओलांडायला काही मिळणार नाही. काम चांगले होते, पण नियम आडवा आला. सगळ्यांनी एका रांगेत उभे राहायचे आणि एकेक हात जमीन साफ करायची. सगळ्यांचा हात पुरा झाल्याशिवाय कोणी पुढे सरकायचे नाही. डुकरे आपला हात डोळ्याचे पाते लवेपर्यंत उकरून मोकळी होत आणि मग दुपारपर्यंत कासवाकडे पाहत बसत. "आलोच," कासव म्हणे. "झालंच." आणि शेकरूच्या वाट्याची जमीन तर तशीच पडलेली असे, ती शेवटी बाकीच्यांना मिळून उरकावी लागे. पंधरा दिवसांत पट्टा पाव हिस्साही झाला नाही. रांग मात्र सरळ होती.

फाल्गुन अर्धा सरला आणि एका संध्याकाळी समोरच्या डोंगरावर धूर दिसला. गव्याने सगळ्यांना बोलावले.

"शेकरूताई, खाली ये," तो वर पाहून गरजला. "उद्यापासून रांगेत उभी राहणार की नाही?"

"दादा, मला जमिनीवर काम करता येत नाही हो," वरून बारीक आवाज आला. "आणि घरट्यात दोन पिल्लं आहेत. अजून त्यांना उडी घेता येत नाही. त्यांना सोडून दिवसभर कशी उतरू?"

"सगळ्यांना कामं आहेत, सगळ्यांना पिल्लं आहेत," गवा म्हणाला. "एकीला सूट दिली की उद्या दुसरा मागेल. मग संघ कसला? रांगेत येत नसशील तर हे झाड सोड. झाड संघाचं आहे."

कोल्हा डोळे मिटून मान डोलावत होता. "बरोबर, अगदी बरोबर," तो म्हणाला. झाड रिकामे झाले तर खाली पडणारी जांभळे कोण खाईल, याचा हिशेब त्याने तेव्हाच करून ठेवला असावा.

ठराव मांडला गेला. जिच्याविरुद्ध ठराव, तिचे शेपूट मोजायचे नव्हते. डुकरांची शेपटे वर गेली. कोल्ह्याचे गेले. गवा गुडघे टेकून वाकला, कासवाचेही गेले होते. साळिंदराचे शेपूट तर ठराव पुरा ऐकण्याआधीच वर गेले होते. तो कुठल्याही ठरावाला असाच तयार असे. राहिली त्याची बायको, साळू. ती महिन्यापूर्वीच पलीकडच्या डोंगरावरून या रानात नांदायला आली होती. सभेला येई, मागे बसे, एक शब्द बोलत नसे. साळिंदरांचे शेपूट हलले की त्यातली पोकळ पिसे खुळखुळ वाजतात. सगळे त्या खुळखुळीची वाट पाहू लागले. ती आलीच नाही.

"सूनबाई," गवा म्हणाला, "शेपूट."

"अगं, उचल," नवरा कुजबुजला. "सगळ्यांनी उचललंय."

"दिसतंय मला," साळू म्हणाली.

"नवीन आहे," कोल्हा गोड हसला. "इकडच्या चालीरीती कळतील हळूहळू."

साळू उठून पुढे आली. सगळ्यांसमोर बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती जमिनीकडे पाहत बोलली. "महिनाभर मागे बसून बघतेय. डुकरांना एका दिवसात जेवढं उकरता येतं, तेवढं ती आठवड्यात उकरतात, कारण ती कासवआजोबांसाठी थांबतात. आजोबांना लाजल्यासारखं होतं, म्हणून ते घाई करतात आणि अर्धी मुळं मातीतच राहतात. गवेदादांच्या एका ढुशीत झुडूप निघतं, पण त्यांना तर खुरांनी गवत खरवडायला लावलंय. आणि धूर तिकडून चालत येतोय, तो काही आपल्या रांगेसाठी थांबणार नाही."

कासवाने मान आत घेतली आणि पुन्हा बाहेर काढली. "खरं बोलली पोर," ते म्हणाले.

"मग काय, ज्याला वाटेल त्याने वाटेल ते करायचं?" गव्याने विचारले. त्याच्या आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती. संघ मोडेल याची त्याला मनापासून भीती वाटत होती.

कोल्हा एकदम ताठ बसला. "हे मला पटलं बरं का! मी फक्त पाणी पिण्यात भाग घेईन. बाकीच्यात मला सूट."

"नाही, कोल्होबा," साळू म्हणाली. "काही गोष्टी सगळ्यांच्या. धूर दिसला की हाक द्यायची, हाक ऐकली की धावायचं, डोहाचं पाणी नासायचं नाही आणि आग आली तर कोणालाही बाहेर ठेवायचं नाही. यात सूट नाही. गवेदादांनाही नाही. बाकीची कामं ज्याला जी येतात ती त्याने करावीत. पुढे जाणाऱ्याने मागच्यासाठी अडून राहू नये, मागच्याला कधीही येऊन मिळता यावं. फक्त एक. ज्या कामात तुम्ही नाही, त्या कामाच्या ठरावात तुमचं शेपूट मोजायचं नाही."

"म्हणजे पट्टा कुठून न्यायचा, हे मी सांगायचं नाही?" कोल्हा दचकला.

"पट्ट्याच्या कामात या, मग सांगा."

"दिवसभर माती उकरायची? छे!" कोल्हा म्हणाला. हाक देण्यातून मात्र सुटका नव्हती, म्हणून त्याला कड्यावर बसून धुराचा वास घ्यायचे काम मिळाले. तो गेला, पण पाय ओढत गेला.

गव्याने समोरच्या डोंगरावरच्या धुराकडे पाहिले. शेवटी म्हणाला, "वणवा येईपर्यंत करून बघू. फसलं तर झाड सोडावं लागेल, शेकरूताई. तेव्हा मी ऐकणार नाही."

वर घरट्यात दोन पिल्ले एकमेकांना बिलगली.

दुसऱ्या दिवशी रांग मोडली आणि काम सुरू झाले. डुकरे चढाकडून निघाली ती थांबलीच नाहीत. गव्याने शिंगांनी झुडपे उलथली. साळिंदरांनी मागून मुळे खणून काढली. कासवाने पाण्याच्या कडेचा चार हात तुकडा मागून घेतला, जिथे वाळके लव्हाळे दाट उभे होते. "माझ्यासाठी थांबू नका," ते म्हणाले. "तुम्ही तिकडून या, मी इथे भेटतो." पट्टा कोल्ह्याच्या बिळाच्या अलीकडून गेला. कोल्ह्याने कड्यावरून खूप आरडाओरडा केला, पण त्याचे शेपूट मोजायचेच नव्हते.

शेकरू दिवसभर वरून पाहत होती. संध्याकाळी तिने हाक मारली. "दादा, पट्टा छान झालाय हो. पण तुम्ही सगळे खालीच बघताय. वरून वाळक्या वेली या झाडावरून त्या झाडावर गेल्यात. आग खालून नाही आली, तरी वेलीवरून चालत येईल की!"

गव्याने मान वर केली. पट्ट्याच्या बरोबर वरती, या बाजूच्या फांदीपासून त्या बाजूच्या फांदीपर्यंत, दोरखंडासारख्या वाळक्या वेली ताणलेल्या होत्या. इतके दिवस सगळे रांगेत मान खाली घालून उभे होते आणि वर कोणी पाहिलेच नव्हते.

"मी बघते त्यांच्याकडे," शेकरू म्हणाली. "हे काम मला येतं."

चार दिवस तिचे दात चालू होते. पिल्लांना पाजायचे, फांदीवरून धावायचे, वेल कुरतडायची, पुन्हा पिल्लांकडे. तुटलेल्या वेली धपकन खाली पडत आणि डुकरे त्या ओढून नेत. वाळक्या फांद्याही तिने छाटल्या.

पाचव्या दिवशी दुपारी कड्यावरून आरोळी आली. "वणवा! वणवा!" कोल्हा इतक्या जिवाच्या आकांताने कधीच ओरडला नव्हता, कारण वणवा सरळ त्याच्या बिळाच्या दिशेने येत होता. आरोळी देऊन तो उतारावरून गडगडत सुटला आणि पट्ट्यापाशी येऊन थबकला. आपल्याला आत घेतील की नाही, हे त्याला कळेना.

"ये रे आत," गवा ओरडला. "ते ठरलंय."

मग सगळ्यांना एकदम पाण्याकडची बाजू आठवली. कासवाचा तुकडा! तिथे भगदाड राहिले असेल तर सगळी मेहनत वाया. सगळे धावले. पाहतात तो काय, चार हात जमीन अशी स्वच्छ, की मुळाचा एक तंतू नाही. कासव चिखलात बसून शेवटचे लव्हाळे चावत होते. "आलोच म्हणालो होतो ना," ते म्हणाले.

आग आली. उतारावरचे गवत कडकडत पेटले, धुराने ऊन झाकले. पट्ट्याच्या पलीकडे ज्वाळा उभ्या राहिल्या, मातीवर वाकल्या, पण त्यांना खायला काही मिळेना. मग एक ज्वाळा पलीकडच्या झाडावर चढली आणि वाळक्या वेलीला धरून पुढे सरकू लागली. वेल जळत जळत पट्ट्याच्या काठापर्यंत आली आणि तिथे तुटलेलीच होती. जळके टोक खाली पडले, मातीत चुर्रकन विझले. आग डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि संध्याकाळपर्यंत भुकेने मरून गेली.

डोह शाबूत होता. झाड शाबूत होते. डुकरे पाण्यात लोळली, साळिंदरांनी सगळी पिसे खुळखुळवली आणि गवा असा हंबरला, की पलीकडच्या डोंगरावर त्याचा आवाज आदळून परत आला. वर शेकरूचे एक पिल्लू आनंदाच्या भरात या फांदीवरून त्या फांदीवर गेले, मग त्याला कळले की आपण उडी मारली.

गवा झाडाखाली आला. मान वर करून म्हणाला, "शेकरूताई, यापुढे सभा अगदी बुंध्याशी, तुझ्या फांदीखाली. तुला नीट ऐकू येईल अशी. आणि वरच्या कामाच्या ठरावात माझं शेपूट मोजू नका. त्यातलं मला काही कळत नाही."

सगळी शेपटे एकदम वर गेली. या वेळी साळूच्या शेपटाची खुळखुळ सर्वांत आधी ऐकू आली. तिच्या नवऱ्याने तिच्याकडे जरा नवलाने पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हा आपल्या जळक्या बिळापाशी जाऊन आला आणि साळूपासून थोडा दूर बसला. बराच वेळ खाकरला. मग म्हणाला, "साळूबाई, पट्ट्याच्या कामात यायचं असेल तर काय करावं लागतं?"

"यायचं," साळू म्हणाली आणि त्याला जागा द्यायला थोडी सरकली.

तात्पर्य : एकत्र राहायला सगळ्यांची पावले सारखी पडावी लागत नाहीत. जे सगळ्यांचे आहे त्यातून कोणी अंग काढू नये, बाकीचे काम ज्याला जसे जमेल तसे करू द्यावे, आणि मागून येणाऱ्यासाठी जागा ठेवावी.