पिंपावरची रेघ

एकदा एका राज्यात दारू बंद करावी की नको यावर सात दिवस खल झाला आणि आठव्या दिवशी ‘बेताने प्या’ अशी मोहीम निघाली. दारूच्या व्यापाऱ्याने स्वखर्चाने हजारो पेले घडवले आणि प्रत्येकाच्या आत तांबडी रेघ ओढली. अमात्यांनी पेल्यांवर राजमुद्रा उमटवली. रेघेजवळ कोरायचे शब्द मात्र आश्रमातल्या एका शिष्याने रचले: ‘इथवर आनंद, यापुढे घात.’

शिष्याने ते जीव ओतून लिहिले होते, कारण त्याचा थोरला भाऊ दारूपायी खंगत चालला होता. पहिला पेला त्याने भावाच्याच हाती दिला. भावाने शब्द मोठ्याने वाचले, कौतुकाने धाकट्याची पाठ थोपटली आणि रेघेबरहुकूम पेला भरला. रेघ एकदाही न ओलांडता त्याने तो सहा वेळा भरला आणि मग तिथेच आडवा झाला.

महिन्याभराने व्यापाऱ्याच्या गुत्त्याच्या दारात मोहिमेचा सत्कार ठरला. शिष्य आपल्या वृद्ध गुरूंनाही घेऊन गेला. हारतुरे झाले.

“दोन शब्द बोला, महाराज,” व्यापारी म्हणाला.

गुरू पुढे झाले. त्यांनी खडू मागून घेतला आणि दारूच्या मोठ्या पिंपावर मधोमध आडवी रेघ ओढली. “दारू इथवर उतरली की आज दुकान बंद करा.”

“थट्टा करता की काय!” व्यापाऱ्याने हसत हसत उपरण्याने रेघ पुसून टाकली. अमात्य एकाएकी हारातली फुले न्याहाळू लागले. शिष्य शरमेने अर्धमेला झाला.

परतताना त्याने विचारले, “चारचौघांत हे का केलंत, गुरुजी? माझे शब्द खोटे होते का?”

“शब्द खरेच होते रे. पण ज्याचा हात थरथरतो, त्यालाच त्यांनी हात आवरायला सांगितलं. ज्याचा हात स्थिर आहे, त्याला मी सांगून पाहिलं. बेताने पिणाऱ्यांवर त्याचं दुकान चालत नाही, तुझ्या भावावर चालतं. उद्या तुझा भाऊ गेला, तर व्यापारी आणि अमात्य दोघेही म्हणतील, आम्ही बजावलं होतं, त्यानेच ऐकलं नाही.”

घरी भाऊ ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. आज शुद्धीवर होता.

“सत्कार झाला ना नीट? मी मुद्दाम आलो नाही. उगाच तुला खाली बघावं लागलं असतं.”

शिष्याला रडू फुटले. भावाच्या पायांशी बसून त्याने माफी मागितली. कशाबद्दल, ते भावाला काही कळले नाही.