विझवायची कोणती?

“…मग सांगू ना त्यांना, कोळशाचा जमाना गेला म्हणून?”

दामोदर दारातूनच विचारत होता. शिकलेल्या माणसाला प्रश्न उभ्यानंच पडतात.

वर्धा नदीच्या काठी सरूमायचा मठ. पलीकडे कोळशाची खाण. ती सरकत सरकत दामोदरच्या गावाच्या शिवेला येऊन भिडलेली. गाव सोडायचं की थांबायचं, यावर संध्याकाळी सभा होती. दामोदर नागपुरात राहणारा, परदेश पाहून आलेला. तो म्हणेल तसं गाव करणार होतं.

“जग बदललं, माय. सगळीकडे सोलरच्या पाट्या, पवनचक्क्या. खाण आपोआप बंद पडेल. उठायचं काऊन?”

सरूमाय स्वतःचेच गुडघे चोळत बसली होती. मागे भंडाऱ्याचा स्वयंपाक चालला होता.

“आपल्या छपरावर सूर्यचूल कोणी बसवली रे?”

“मी. गॅसही मीच आणला.”

“हो बाप्पा, तूच… मग एक कर. ती घागर घे अन् आत जा. ज्या आगीची आता गरज नाही, ती विझवून ये.”

दामोदर हसतच आत गेला.

भात वर छपरावर शिजत होता. गॅसवर चहा उकळत होता. तो सरळ चुलीकडे वळला.

भाकऱ्या करणाऱ्या ठमाबाईनं उलथनं उगारलं. “पाणी ओतून तर पाहा! पंगत काय तुझं भाषण खाईल?”

तो शेगडीकडे गेला. निखाऱ्यांवर वांगी भाजत होती.

“अन् भरीत? उन्हात भाजू?” ठमाबाई मागूनच ओरडली.

अंगणात गोवऱ्यांवर खिरीचं दूध आटत होतं. तिथं तर त्यानं विचारलंच नाही.

तो परत आला. घागर भरलेलीच होती.

“काय विझवलं?”

“काहीच नाही… पूर्वी इतकं पेटत नव्हतं, माय.”

“मग आता काऊन पेटते?”

त्यानं घागर खाली ठेवली.

“भात सोपा झाला… तशी पंगत वाढली. पंगत वाढली, तशा भाकऱ्या.”

“हं.”

“पण विजेत कोळशाचा वाटा कमी होतोय, माय! शंभरातला वाटा—”

“वाटा कमी झाला… अन् ढीग?”

पलीकडे खाणीत सुरुंग उडाला. पत्रे थरथरले. दोघांपैकी कोणीच तिकडे पाहिलं नाही.

दामोदर खाली बसला.

“म्हणजे खाण थांबणार नाही?”

“मला काय ठाऊक? मी काय जगाची चूल सांभाळते?”

“मग सांगू काय त्यांना? माझी आई तिथं आहे. ती म्हणते, दाम्या म्हणेल तर उठेन, दाम्या म्हणेल तर राहीन… उठा म्हटलं तर घर मी मोडलं. थांबा म्हटलं अन् खाण आली, तर…”



सरूमायनं डोळे मिटले.

“उठा म्हणशील, तर आईला हात धरून उठव,” ती म्हणाली. “अन् थांबा म्हणशील… तर तुझंही अंथरूण तिथंच टाक.”