चिमाईची पाखरं

बस स्टँडच्या मागे, दुकानांच्या पाठीला लागून हे छोटं तळं आहे. आता त्याला तारेचं कुंपण घालून पाखरांसाठी राखून ठेवलंय. तपकिरी रानबदकं पुष्कळ आहेत, पण सगळी मधोमध बसतात. काठाला एक येत नाही. माझी लेक कुंपणाला लोंबकळून "ये ये" करत होती आणि माझा जीव वरखाली. तिथले राखणदार मालोजीतात्या हसून म्हणाले, "बाळ, घसा दुखेल. माणसाच्या हाकेला ती येत नाहीत." मग त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी इथे भोयांची वस्ती होती. त्यांच्यात चिमाई नावाची बाई राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. ती काठावर उभी राहून "या गं लेकींनो" अशी हाक द्यायची आणि पाखरं येऊन तिच्या ओंजळीतले तांदूळ खायची, म्हणे.

एकदा तिचा धाकटा भाऊ कोंडाजी आला. म्हणाला, "अक्का, तुझ्या भावजयीला डोहाळे लागलेत. पाखरं हातातून दाणे खाताना बघायचीत तिला."

भावाच्या घरचे डोहाळे, नाही कसं म्हणायचं? चिमाईने भावजयीला काठावर बसवलं आणि हाक दिली. पाखरं आली, तसं कोंडाजीने पाण्याखाली लपवलेलं जाळं वर उठलं. पाटलाच्या जेवणावळीला त्याने ती पाखरं आधीच कबूल केली होती. भावजय मान खाली घालून बसली. तिलाही ठाऊक होतं.

"पोटातल्या लेकराच्या नावानं खोटं बोललास?" चिमाई म्हणाली.

"माझ्या हाकेला आली असती, तर तुला कशाला त्रास दिला असता?"

चिमाई कोयती घेऊन पाण्यात शिरली आणि जाळं कापत गेली. पाखरं सुटत गेली, चिमाई मात्र गाळात रुतत गेली. तेव्हा कोंडाजी घाबरला. "अक्का, माघारी ये गं!" म्हणून ओरडत राहिला. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. असं सांगतात, की तळ्याच्या मध्यावर ती दिसेनाशी झाली आणि सुटलेली सगळी पाखरं तिथेच येऊन बसली.

आजही भाऊबीजेला भोईगल्लीतल्या बाया ओवाळण्याआधी पसाभर तांदूळ काठावर ठेवून जातात, तोंडातून आवाज न काढता. भावाला फाटकाबाहेर उभं करतात. भाऊ कितीही सज्जन असो, त्याला आत घेत नाहीत. तो सज्जन आहे, हे पाखरांना कसं कळणार?