मुशी आणि पायरीवरचं शेवाळ

"भाल्याला अंगारा लावणार की नाही, बाबा?"

धाकू तांडेलानं तिसऱ्यांदा विचारलं आणि भाला गिरीबाबांच्या पायाशी आदळला.

बंदरावर वादळाचा बावटा लागला होता. मठाखाली होडीत दोन खलाशी जीव मुठीत धरून बसले होते. बाबांच्या अंगाऱ्याशिवाय त्या गावची होडी निघत नसे, आणि धाकूला तर आत्ताच्या आत्ता निघायचं होतं. ज्या मुशीनं, म्हणजे शार्क माशानं, त्याच्या धाकट्या भावाला पाण्यात ओढून नेलं, ती सकाळीच पुन्हा खडकापाशी दिसली होती. तेव्हापासून त्याचं काळीज नुसतं जळत होतं.

गिरीबाबा कमंडलू घेऊन पायऱ्या उतरले आणि खालच्या पायरीवर सावकाश पाणी ओतू लागले.

ऐन वैशाखात सगळा डोंगर करपला होता. ती एक पायरी तेवढी शेवाळानं हिरवीगार होती.

"माझा माणूस गेलाय, आणि तुम्ही शेवाळाला पाणी घालताय?"

"माझाही गेलाय."

"कोण?"

"माझे गुरू. याच पायरीवर पाय सटकला. डोकं आपटलं… पाणी मागायलाही उसंत मिळाली नाही."

मागोमाग उतरणारा धाकू थबकला. लहानपणापासून ही पायरी तो जपून ओलांडत आला होता.

"ह्याच शेवाळावरून?"

"ह्याच."

"आणि तुम्ही त्यालाच पोसताय! मुशीला निदान भूक तरी होती. ह्याला काय होतं?"

"दात नव्हते," बाबा म्हणाले. "म्हणून कुणी भाला घेऊन आलं नाही."

"मी आणलाय ना!"

रागाला डोळे नसतात म्हणतात. धाकू गुडघ्यावर बसला आणि भाल्याच्या टोकानं पायरी खरवडू लागला. हिरवे पापुद्रे उडाले. काळा दगड उघडा पडला. वारा वाढला होता. होडीतून एका खलाशानं ओरडून काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकूच आलं नाही.

बाबांनी त्याला अडवलं नाही. रिकामा कमंडलू घेऊन ते पायऱ्या चढले. मठाच्या दारात वळून उभे राहिले.

"धाकू…"

"काय?"

"पुरतं खरवड. खाली माझे गुरू सापडले, तर हाक मार. मी लगेच अंगारा घेऊन येतो."