उरल्या लोकरीची आवडाई

तुमच्या आज्याच्या आज्याला अजून मिसरूड फुटायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे लई जुनी. पुढच्यांनी मांडी घालून बसा, मागच्यांनी शेंगांची टरफलं आपापल्या खिशात टाका, आणि मधेच कुणी "हे खरं का?" असं विचारायचं नाही. खरंखोटं माळावरच्या दगडाला विचारा, तो कुणालाच उत्तर देत नाही.

तर घाटाच्या पार डोक्यावर, जिथं ढग वरून जात नाहीत, सरळ दारातनं आत येतात, तिथं हिरडेमाळ नावाचं गाव. पंचवीस घरं, चारशे मेंढरं आणि बाकी सगळं धुकं. धुकं एवढं, की सासू समजून म्हशीच्या पाया पडलेली सून त्या गावात होती, असं म्हणतात. आणि म्हशीनं सासूपेक्षा बरा आशीर्वाद दिला, असंही म्हणतात.

हसून घेतलंत? झालं. आता पुढं हसायचं काही नाही.

कार्तिक सरला की त्या धुक्यातनं एक बाई यायची. धुकटी. तिला डोळे नाहीत, पाय नाहीत, नुसती लांब, ओली, पांढरी बोटं. दाराच्या फटीतनं आत यायची आणि ज्या घरी तान्हं पोर असेल तिथं त्याच्या छातीवर बसायची. गावातली माणसं काय करायची, तर पोरावर घोंगडं टाकायची. त्यावर दुसरं घोंगडं. दार गच्च बंद, खाली शेगडी. घोंगड्यानं रात्रभर धुकं प्यायचं आणि दगडासारखं जड व्हायचं. सकाळी उचलावं तर खाली पोर निळं.

एका साली गावात नऊ पाळणे बांधले होते. माघात दोनच हलत होते.

गावाच्या मागं एक उतार आहे. एकेका पोराला तिथं पुरायचं आणि वर तळहाताएवढा दगड ठेवायचा. त्या उताराला सगळे पोरमाळ म्हणायचे. त्यातले तीन दगड आवडाईचे होते. तिसरा दगड ठेवून ती घरी आली, तर त्याच महिन्यात नवरा धुक्यात पाय चुकून दरीत गेला. मग ती गावात राहिलीच नाही. उतरून खालच्या कॅम्पात गेली आणि एका मडमेच्या बंगल्यावर आया म्हणून लागली.

वीस वर्षं तिनं गोऱ्यांची पोरं खेळवली. मडम व्हरांड्यात बसून दोन सुयांवर लोकर विणायची, ते ही बघायची. बघून बघून शिकली. मडम आपल्या देशी निघाली तेव्हा तिनं आवडाईला दोन सुया दिल्या आणि उरलेल्या लोकरीचं एक गाठोडं. वीतभर लाल, हातभर निळी, मूठभर पिवळी. कशातच धड काही पुरं होणार नाही असली. ते बगलेत मारून आवडाई घाट चढून परत आली, तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते.

गाव काय गप बसतंय? पाणवठ्यावर बायकांनी तिला घेरलं. "का गं आवडे, इतकी वर्सं राबलीस आन् चिंध्या घिऊन आलीस?"

"चिंध्या न्हाईत," ती म्हणाली. "उरलंय ते हाय."

"मग तुझ्यासारखंच म्हण की!"

आवडाईनं घागर उचलली आणि गेली.

त्याच थंडीत बिरू धनगराला पाचवं पोर झालं. आधीची चार पोरमाळावर. बिरूच्या बायकोनं पोराकडं बघितलंसुद्धा नाही, भिंतीकडं तोंड करून पडली. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. ज्या घरी पोर जगत नाही, तिथं पोराचं नाव दगडू ठेवायचं, धोंडू ठेवायचं, आणि अंगावर मागून आणलेलं घालायचं. म्हणजे मरणाला वाटतं, हे कुणाचंच नाही, नेऊन काय करू! आवडाईला ती रीत आठवली. तिनं गाठोडं सोडलं आणि विणायला बसली.

लोकर तर पुरेना. मग तिनं जाळी धरली. दोन टाके एकात घ्यायचे, सुईवरनं दोरा रिकामाच फिरवायचा, तिथं भोक पडतं. असं करत करत तिनं पत्रावळीएवढी शाल केली. लाल, निळी, पिवळी आणि निम्मी भोकंच.

बिरूनं ती उजेडाला धरली. "आत्ये, ह्यातनं तर पलीकडचा डोंगर दिसतोय. थंडी न्हाई का शिरायची?"

"शिरंल. आन् निघून बी जाईल. तुझ्या घोंगड्यात शिरती ती मुक्कामालाच ऱ्हाती."

त्या दिवशी धुकटी आली, असं म्हणतात. तिनं शालीत बोट घातलं, ते भोकातनं पलीकडं निघालं. दुसरं घातलं, तेही निघालं. धागा चाचपला, तर एकाचा नाही, दुसऱ्याचा नाही, सगळा उरलेला. धुकटीचा हक्क पुऱ्यावर असतो, कोऱ्यावर असतो. उरलेल्यावर कुणाचाच नसतो. ती चाचपडत चाचपडत बाहेर गेली. आणि बिरूचा दगडू जगला.

मग काय, दर कार्तिकात आवडाई टोपली घेऊन घरोघर हिंडायला लागली. मागावर उरलेलं सूत, फाटक्या मफलरचा उसवलेला धागा, कातताना खाली पडलेली मेंढीची लोकर. कसलंही चालायचं. अट एकच. उरलेलं पाहिजे. मुद्दाम काढून ठेवलेलं नको, विकत आणलेलं तर नकोच नको. सात हिवाळे ती विणत राहिली आणि सात हिवाळे पोरमाळावर नवा दगड पडला नाही. बायका आता तिला आवडाई म्हणायला लागल्या. आवडे म्हणणाऱ्या पण त्याच, बरं का.

आठव्या साली मेंढरांत रोग आला. निम्मी मेली, उरलेली घेऊन बिरू कोकणात उतरला. गावात लोकरच नाही. आणि नेमकी त्याच साली सुंदरा बाळंत झाली.

सुंदरा म्हणजे आवडाईच्या भावाची पोर. भाऊ गेला, भावजय गेली, सुंदराचा नवरा पलटणीत गेला तो आलाच नाही. आवडाईचं रक्ताचं म्हणून जगात हीच एक. तिला आठव्या महिन्यात मुलगी झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. रडायची तर मांजराच्या पिल्लाएवढाच आवाज.

आवडाई सगळी घरं फिरली. टोपलीत बोटभर सूत पडलं. शेवटी ती पाटलांच्या दारात गेली. त्या दारात ती कधी गेली नव्हती.

गजराबाई पाटलीण ओसरीवर आली. मनानं चांगली बाई, पण मान अशी ताठ, की पाऊस पडला तर नाकात पाणी जावं.

"पाटलीणबाई, उरलीसुरली लोकर आसंल तर द्या. सुंदराच्या पोरीसाठी."

"अगं बाई! आमच्या दारातनं उरलंसुरलं जाईल व्हय कुणाला? जेवाय वाढते, लुगडं देते, पर उष्टंखरकटं न्हाई द्यायची मी."

"मला उरलेलंच पायजे, बाई. दुसरं चालत न्हाई."

गजराबाई आत गेली. घरात उरलेलं काही नव्हतं, आणि असतं तरी ते हातानं टोपलीत टाकायची तिला लाज. बाजारातनं आणलेली कोरी पांढरी लोकर होती, लेकाच्या मफलरसाठी. तिनं ती घेतली, हातहातभर तोडली, जुनी दिसावी म्हणून चुलीतल्या राखेत घोळली आणि आणून टोपलीत टाकली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मोठ्या घरातनं चांगलं जावं, एवढंच होतं.

आवडाई विणायला बसली. पांढरा धागा हातात आला आणि तिची बोटं थांबली. लोकर कोरी आहे का वापरलेली, हे विणणाऱ्याच्या बोटाला कळतं. तिला परत जाऊन विचारता आलं असतं. पण पोर गार पडत चाललं होतं, टोपली रिकामी होती, आणि माणूस अशा वेळी स्वतःलाच सांगतं, की आपल्याला काही कळलं नाही. तिनं तो धागा विणला.

दुसऱ्या दिवशी असं धुकं आलं, की दुपारी दिवे लावले. सुंदरा पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. दाराच्या फटीतनं पांढरी बोटं आत आली. शालीवरनं फिरली. एका भोकातनं गेली, दुसऱ्यातनं गेली. आणि मग थांबली.

"हा कोरा," धुकटी म्हणाली. "हा माझा."

आणि तिनं ओढला.

शाल सर्रकन उसवायला लागली. एक ओळ गेली. दुसरी गेली. पोरीचे ओठ जांभळे पडले.

"आत्ती!" सुंदरा किंचाळली. "आत्ती, शाल आखडतीया!"

आवडाईनं झडप घालून दुसऱ्या टोकाचे टाके सुईवर उचलले. "पोर माझ्या मांडीवर दे. घरात काय उरलंय?"

"काय न्हाई गं! सूत न्हाई, चिंधी न्हाई!"

"केस विंचरतीस न्हवं? गुंतवळ कुटं ठेवतीस?"

तुमच्या आया पण ठेवतात की. विंचरताना कंगव्यात आलेले केस गुंडाळून भिंतीच्या भोकात कोंबायचे, मग सुया-बिब्बेवाली आली की तिला देऊन सुया घ्यायच्या. सुंदरानं भिंतीतनं गुंतवळ ओढून दिली.

"आता पळ. घरोघर जा. गळलेले केस आण. कापलेले नगं, गळलेले!"

सुंदरा पळाली. धुक्यात ओरडत, दारं बडवत. इकडं एका टोकानं धुकटी उसवतेय, दुसऱ्या टोकानं आवडाई विणतेय. ओळ जायची, ओळ यायची.

"म्हातारे, सोड की," धुकटी म्हणाली. "तुझी तीन नेली, तवा एवढी भांडली न्हाईस."

"तवा मला इणाया येत न्हवतं," आवडाई म्हणाली, आणि टाका घातला.

सुंदराची गुंतवळ संपली. आवडाईनं हात डोक्याकडं नेला. म्हातारीचे केस, धरले तर हातातच येत होते. धरायचे आणि विणायचे. धरायचे आणि विणायचे.

सुंदरा पाटलांच्या दारात पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. "पांढरा धागा कुणी दिला? त्यो उसवतोय! आत्ती म्हणती गळलेले केस द्या!"

गजराबाई पुढं आली. म्हणाली, "मी दिला गं. कोरा हुता." मग तिनं फणी घेतली. तिची गुंतवळ घरात कधी साठवलेली नसायची, गडीमाणसं झाडून टाकायची. ती विंचरायला लागली. दोन केस आले. पुन्हा विंचरलं. तीन आले. फणी टाळूत रुतली, रक्ताचे थेंब पदरावर पडले, तरी ती विंचरतच राहिली. मूठभर झाले तशी ती मूठ आवळून सुंदराच्या मागं धावली. पाटलीण, अनवाणी, डोक्यावर पदर नाही.

तिकडं आवडाईच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता. धुकटीची बोटं पोरीच्या गळ्यापाशी आली होती. तेव्हा आवडाई म्हणाली, असं म्हणतात, "थांब. माझंच थोडं उरलंय." आणि पुढच्या ओळी तिनं कशानं विणल्या, ते कुणी बघितलं नाही.

दोघींनी दार ढकललं. घरात धुकं नव्हतं. पोर कोकलत होती, चांगली खणखणीत, पलीकडच्या वाडीला ऐकू जाईल अशी. तिच्या अंगावर शाल पुरी होती, काळी, पांढरी, करडी, आणि शेवटच्या चार ओळींना रंगच नव्हता. आवडाई मेढीला, घराच्या मधल्या खांबाला टेकून बसली होती. हात गरम होते. बाकी सगळी गार. सुईवर शेवटचा टाका तसाच होता, बंद करायचा राहिलेला.

गजराबाईनं मूठ उघडली. ते केस घ्यायला आता कुणी नव्हतं.

पोरीचं नाव उरली ठेवलं. ती नव्वद वर्षं जगली आणि शेवटपर्यंत सगळ्या गावाला शिव्या घालत होती, असं म्हणतात. गजराबाईनं मरेपर्यंत दर कार्तिकात टोपली उचलली. पाटलीण असून दारोदार फिरली, आणि कुणी हसलं तर मान खाली घालून पुढच्या दारी गेली.

आवडाईला पोरमाळाच्या माथ्यावर ठेवलंय. तिथं घडवलेली मूर्ती नाही, नुसता दगड. त्याला नवं लुगडं चालत नाही, कोरा खण चालत नाही. हिरडेमाळावर आजही कार्तिकात टोपली फिरते. पहिली टोपली गावातल्या सगळ्यात मोठ्या घरच्या बाईनं उचलायची. देणारीनं म्हणायचं, "उरलंय ते देते, ठेवलंय ते न्हाई." मग गावातल्या म्हाताऱ्या बसून शाली विणतात. जाळीच्या, पत्रावळीएवढ्या. प्रत्येकीत एक ओळ आईच्या गुंतवळीची. आणि शेवटचा टाका कुणी बंद करत नाही, दोऱ्यात ओवून सोडून देतात.

पोर चालायला लागलं, आपल्या पायानं पोरमाळ चढून दगडापाशी आलं, की मग त्याच्या आईनं तिथं बसून तो टाका बंद करायचा.

मागच्या कार्तिकात सात शाली विणल्या. यंदा सहा पोरं माळ चढली. सातवीचा टाका सुटाच आहे, आणि तो तसाच पोरीबरोबर मातीत दिला.