सुगरण पक्ष्याचा पत्ता

जंगलात मोबाइलची रेंज नुकतीच पोचली होती, तेव्हाची गोष्ट. एका सुगरण पक्ष्याला लग्नाची घाई झाली होती. त्याने बाभळीवरच्या आपल्या घरट्याचं वेबपान केलं आणि सुतारपक्ष्याकडून त्या लिंकचा क्यूआर कोड पाणवठ्यावरच्या खोडावर कोरून घेतला. स्कॅन केलं की घरट्याचा फोटो आणि पत्ता दिसायचा.

मग त्याला शिंदीचं झाड आवडलं. तिथे त्याने दुमजली घरटं विणलं आणि त्याचं नवं पान केलं. कोड मात्र जुनाच ठेवला.

आठ दिवस एकही मुलगी फिरकली नाही. विणीचा हंगाम संपत आला, तसा तो सुतारपक्ष्यावर तडकला. "दादा, तुमचा कोड बोगस आहे!"

"बोगस कसा? कालच तिघी स्कॅन करून बाभळीकडे गेल्या."

"पण मी शिंदीवर राहतो!"

"मी लिंक कोरली होती बाबा, तुला नाही."

सुगरण पक्षी बाभळीकडे सुसाट उडाला. त्याच्या जुन्या घरट्यात शेजारचा आळशी पक्षी नव्या नवरीसोबत ऐटीत बसला होता. त्याने जन्मात एक काडी विणली नव्हती.

"अरे, बरा आलास!" तो म्हणाला. "लग्नाचं आमंत्रण द्यायला तुला कुठे कुठे शोधलं! हल्ली राहतोस कुठे?"