हळदीचं फडकं आणि मुका ढोल

एका राज्यात ढोल वाजल्याशिवाय कुणी काही खरं मानत नसे. घराला आग लागली तरी माणसं आधी कान टवकारीत, ढोल वाजतो का ते ऐकत, आणि मगच घागर उचलीत. तोंडी आली ती अफवा, ढोलावर आली ती बातमी, अशी तिथली रीत होती. ढोल राजा कनकधराचा होता आणि तो वाजवीत असे जिवाजी दवंडीकार.

एका वर्षी सरोवराचा मांत्रिक नीलकेत याने राजाला एक भेट पाठवली. लाल, सोनेरी, काळे-पांढरे असे नऊ मासे. पूर्वेकडचे लोक त्यांना कोई म्हणत. हे मासे माणूस ओळखत आणि साठ-साठ वर्षं जगत. दुसऱ्या दिवशी उत्सव होता, म्हणून राजाने रातोरात दगडी हौद बांधवला, चुन्याने गिलावला, पाणी भरलं आणि सनईच्या सुरात मासे सोडले. दुपारपर्यंत नऊपैकी आठ मासे पोट वर करून तरंगत होते.

प्रधान वसुपालाने जिवाजीच्या हाती कागद दिला. जिवाजीने कागद वाचला, हौदाकडे पाहिलं आणि ढोल बडवला. "मासे सुखरूप आहेत हो! राजाच्या हौदात आनंदात आहेत हो!"

राजाने त्याला जरीकाठी शेला दिला.

संध्याकाळी नीलकेत आला. उरलेला एक मासा त्याने ओंजळीत घेतला आणि तो म्हणाला, "आजपासून या राज्यातला प्रत्येक ढोल खऱ्याला मुका राहील. प्रजेतल्या कुणी स्वतःच्या परसात तळं खणावं, हा मासा तिथं जगवावा, मासा त्याच्या हातून खावा, आणि मेलेल्या आठांची खरी बातमी मला ऐकू यावी. मग शाप उतरेल, आणि ढोल खोट्याला मुके होतील." एवढं बोलून तो पाण्यात उतरला आणि पाणी झाला.

तेव्हापासून कोठार रिकामं असता भरलं म्हणा, ढोल डोंगर हलवी. पूल मोडला म्हणा, टिपरू चामड्यावर पडे आणि कापसावर पडल्यासारखं होई. जिवाजीने मोडलेल्या पुलाची दवंडी तीन दिवस पिटली. कुणाला ऐकू आली नाही. चौथ्या दिवशी एक बैलगाडी नदीत गेली. जिवाजीने आपला ढोल घरी आणून खुंटीला टांगला. वाड्यावर तीन नवे दवंडीकार नेमले गेले. तिघांचेही ढोल फार छान वाजत.

अशी सहा वर्षं गेली. एका हिवाळ्यात जिवाजी लाकडं आणायला डोंगरावर गेला आणि धरणाच्या भिंतीपाशी थबकला. भिंतीला भेग पडली होती. त्याचा हात कोपरापर्यंत आत जात होता, आणि आत ओल होती. वर शिखरांवर बर्फ होतं. दोन महिन्यांनी ते वितळलं की भिंत जाणार. भिंत गेली की पहिली जाणार खालची वाडी. त्या वाडीत त्याची एकुलती एक लेक सगुणा दिली होती.

तो तसाच वाडीत गेला. सगुणाचा सासरा ओसरीवर दोर वळीत बसला होता.

"व्याही, धरणाला भेग आहे. माणसं, गुरं घेऊन चढावर चला."

"ढोल कुठं वाजला?"

"मी डोळ्यांनी पाहिली. हात घालून पाहिला."

"काल तर वाजला, धरण भक्कम आहे म्हणून. छान वाजला. आता तुमचा हात खरा धरू की राजाचा ढोल?" व्याही हसला. "बसा, चहा घ्या. ढोल वाजला की निघूच की आम्ही."

सगुणा वेशीपर्यंत पोचवायला आली. "आबा, माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण हे सगळे इथं असताना मी एकटी कशी उठून येऊ?"

जिवाजी घरी आला. बायको राही अंगणात हळदीला चुना आणि लिंबाचा रस लावून कुंकू करीत होती. तोच तिचा धंदा होता. त्याने सगळं सांगितलं. राही म्हणाली, "मग तळं खणा."

दुसऱ्या सकाळी परसात अळवाच्या शेजारी एक ढोकरी, तळ्याकाठची बुटकी बगळी, येऊन बसली. बसली तेव्हा मातकट होती, उडून आली तेव्हा पांढरी. ती म्हणाली, "मी नीलकेताची. कामं तीन आहेत. तळं आपल्या हातानं खण. त्याचं पाणी माशाला मानवेल असं कर. आणि मासा तुझ्या हातून खाईल असं कर."

"तू मासे खाणारी. तुझं का ऐकू?"

"खाते. पण सांगून खाते."

जिवाजीला हे बरं वाटलं. वाड्यावर त्याने असं कुणी पाहिलं नव्हतं.

त्याने शेवग्याखाली कुदळ मारली. ढोकरी म्हणाली, "झाडाखाली नको. पानं पडून कुजतील." तो धुण्याच्या दगडापलीकडे सरकला. दहा दिवसांत त्याने परातीसारखं उथळ, रुंद तळं खणलं आणि अभिमानाने कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ढोकरी डुलत डुलत आत उतरली, मधोमध थांबली, चारी बाजूंना मान फिरवली.

"उत्तम," ती म्हणाली. "इथं उभं राहिलं की एकही मासा सुटणार नाही."

जिवाजीने पुन्हा कुदळ उचलली. महिना संपला तेव्हा तळ त्याच्या छातीइतका खोल गेला होता आणि कडा उभ्या होत्या. शेजारचा बहिरू कुंपणावरून म्हणाला, "जिवाजी, एवढ्या मोठ्या खड्ड्यात ढोल पुरणार काय रे?" जिवाजीने दगड लावले, चुन्याचा गिलावा केला, झऱ्यावरून कावडीने पाणी आणून तळं भरलं. ढोकरीने चोचीत शिंकं धरून एक मडकं आणलं. मडक्यात तोच उरलेला वीतभर मासा होता, अंगाने पांढरा, कपाळावर लाल ठिपका. मडकं मंतरलेलं होतं, त्यात मासा हवा तितके दिवस राही.

"सोडू?" जिवाजीने विचारलं.

"मला काय ठाऊक? मी खाणारी. राखणं मला कुठलं?"

जिवाजी मडकं उचलणार, इतक्यात राही म्हणाली, "थांबा. या पाण्याला चुन्याचा वास येतोय."

तिने पेटी उघडली. सहा वर्षं घडी न मोडलेला राजाचा शेला काढला, टर्रकन हातभर फाडला, ते फडकं हळदीत भिजवून वाळवलं आणि तळ्यात बुडवलं. फडकं लाल झालं. कुंकवासारखं लालभडक.

"चुना आहे," राही म्हणाली. "माझं रोजचं काम आहे. चुना हळदीला लपत नाही."

जिवाजी फडक्याकडे पाहत राहिला. राजाचा हौदही चुन्याचा होता. एका रात्रीतला. सहा वर्षांत दरबारातल्या एकाही शहाण्याने विचारलं नव्हतं की मासे मेले कशाने. कसे विचारणार? ढोलावर तर ते सुखरूप होते!

"आता काय करायचं?" तो म्हणाला.

"सात दिवस पाणी तसंच राहू द्या. मग उपसा, घासा, नवं भरा. हळद पिवळी राहीपर्यंत."

सात दिवस झाले. त्याने तळं उपसलं, काथ्याने घासलं, पुन्हा भरलं. आणखी सात दिवस झाले. राहीने शेल्याचं दुसरं फडकं बुडवलं. या वेळी ते केशरी झालं, कडेला जरा लाल.

त्याच दुपारी प्रधान वसुपाल घोड्यावरून परसात आला.

"जिवाजी, मासा सोड. उद्या वाड्यावर समारंभ आहे. शाप उतरला अशी दवंडी द्यायची आहे. तुला नवा शेला मिळेल."

"हळद अजून लाल आहे, प्रधानजी."

"किंचित."

"मासा किंचित मरत नाही."

प्रधानाने शिखरांकडे बोट दाखवलं. बर्फाच्या पांढऱ्यात काळे खडक दिसू लागले होते. "तुझी लेक खालच्या वाडीत आहे ना? मग घाई तुलाच हवी. आज सोड, उद्या ढोल वाजेल."

प्रधान बोलला ते जिवाजीच्याच मनात पहाटेपासून घोळत होतं. मडकं हाताशी होतं. एकदा तिरकं करायचं, बस. त्याने मडक्यात पाहिलं. मासा वर आला आणि त्याच्याकडे पाहून तोंड उघडझाप करू लागला.

"सहा वर्षांपूर्वी तुम्ही मला घाई केलीत," जिवाजी म्हणाला, "आणि मी केली. आता निघा. घोडं अळू खातंय."

प्रधान गेला. जिवाजीने तळं तिसऱ्यांदा उपसलं. पण झरा लांब होता, खांदे सोलवटले होते, आणि दुसऱ्या खेपेला तो परसाच्या तोंडाशीच खाली बसला. कुंपणाशी बहिरू उभा होता. प्रधानाला असं परतवलेलं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"खणायचं तुझ्या हातानं," बहिरू म्हणाला. "पाण्याचं काही सांगितलंय का त्या मांत्रिकानं?"

"पाण्याचं काही नाही," ढोकरी म्हणाली.

बहिरूने कावड खांद्यावर घेतली. त्याच्या मागून त्याची बायको घागर घेऊन आली, तिच्या मागून पलीकडचे साळी आले. दिवस मावळायच्या आत तळं काठोकाठ भरलं. मग सात दिवस सगळे वाट पाहत राहिले. सातव्या दिवशी राहीने शेल्याचं तिसरं फडकं बुडवलं, वर काढलं आणि उन्हात धरलं. ते झेंडूसारखं पिवळं होतं.

जिवाजीने मडकं तळ्यात तरंगत ठेवलं. मडक्यातलं पाणी आणि तळ्यातलं पाणी सारखं गार होईपर्यंत अर्धा दिवस त्याला हात लावला नाही. मग मडकं कलंडवलं. मासा बाहेर आला, एकदा चमकला आणि तळाशी नाहीसा झाला.

आता तिसरं काम उरलं होतं. जिवाजी उकडलेले जवाचे दाणे तळहातावर घेऊन काठावर बसला, हात पाण्यात सोडला. मासा आला नाही. जन्मभर ज्याने आवाज केला, त्याला आता गप्प बसायचं होतं. पहिल्या दिवशी तो सारखा चुळबुळत होता, सारखा डोंगराकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशी त्याचं पाहणं थांबलं. पाण्यावर पाणकिडे फिरत होते, अळवाच्या पानावरून थेंब ओघळत होते, राही पाट्यावर हळद वाटीत होती. तिसऱ्या दिवशी ऊन कलताना बोटांना गार, मऊ स्पर्श झाला. मासा त्याच्या हातातला दाणा खात होता.

जिवाजीने खुंटीवरचा ढोल काढला, धावत टेकडीवर गेला आणि टिपरू हाणलं. "धरणाला भेग आहे हो!"

कापसावर पडल्यासारखं झालं. त्याने पुन्हा हाणलं. पुन्हा तेच.

राही धापा टाकीत मागून आली. तिच्या हातात शेल्याचा उरलेला तुकडा होता. तिने तो त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "आधी कुठली बातमी राहिलीय?"

जिवाजीने तो तुकडा घेऊन वर धरला. खाली बहिरू उभा होता, साळी उभे होते, अर्धं नगर माना वर करून पाहत होतं. तो मोठ्याने म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी मासे मेले होते. आठ मेले होते. मी पाहिलं होतं, आणि मी खोटी दवंडी दिली. हा शेला त्याचाच आहे." आणि त्याने टिपरू हाणलं.

ढोल वाजला. डोंगरावरून घुमून परत आला आणि पुन्हा घुमला.

"धरणाला भेग आहे हो! खालच्या वाडीनं चढावर यावं हो!"

खालच्या वाडीत व्याह्याने हातातला दोर टाकला. "ढोल वाजला," तो म्हणाला, आणि सगळ्यांत आधी तोच उठला. वाड्यावर तिघे दवंडीकार धरण भक्कम असल्याचं सांगत जिवाच्या आकांताने बडवीत होते आणि त्यांच्या ढोलांतून चकार आवाज निघत नव्हता.

दुसऱ्या सकाळी भिंत गेली. पाणी रिकाम्या वाडीतून, रिकाम्या गोठ्यांतून वाहून गेलं. त्यात एक कोंबडीसुद्धा गेली नाही. कोंबड्या जिवाजीच्या परसात होत्या, आणि तिथंच धुण्याच्या दगडावर बसून सगुणा पाण्यात हात घालून मासा बघत होती. व्याही शेवग्याला टेकून बसला होता. "व्याही," तो म्हणाला, "त्या दिवशीचा चहा तुम्ही घेतलाच नाही." जिवाजी म्हणाला, "आज घेऊ."

राजा कनकधर तळं बघायला आला. "मलाही हातून खायला देता येईल?" त्याने विचारलं. जिवाजी म्हणाला, "बसा. बोलू नका." राजा बसला. मासा आला नाही. राजा दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, आणि त्या तीन दिवसांत परसात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून त्याने जे काही ऐकलं ते कुठल्याही दरबारात ऐकलं नव्हतं. परत जाऊन त्याने वसुपालाला आणि तिन्ही दवंडीकारांना धरणाच्या नव्या भिंतीवर दगड वाहायला लावलं. खालची वाडी चढावर बांधून दिली.

नीलकेताने आणखी आठ मासे पाठवले. आता त्या राज्यात कुणीही हौद बांधो, पहिलं पाणी हळदीच्या फडक्याने बघतात. जिवाजीच्या ढोलालाही एक पिवळं फडकं बांधलेलं असतं.

ढोकरी अजून रोज सकाळी येते. काठावर उभी राहते, नऊ मासे पाहते, तळाची खोली पाहते, आणि आज भूकच नव्हती असं सांगून उडून जाते. तेवढं एक खोटं त्या राज्यात सगळे ऐकून घेतात.